लुबनाचा पहिला रोजा

"मूल हट्ट करायचं थांबलं ना सबिहा, की कौतुक करत बसू नये. आधी त्याच्याकडे नीट बघावं."

अजराआपाने अबुधाबीहून फोनवर हे सांगितलं, तेव्हा सबिहा कांदा तळत होती. कान आणि खांदा यांच्यामध्ये फोन दाबून धरत ती "हो आपा, बघते" म्हणाली आणि झारा फिरवत राहिली. मनात मात्र म्हणाली, दिवसभर लोकांच्या पोरांची रडगाणी ऐकायची म्हटल्यावर घरातल्या शहाण्या पोरीतही खोट दिसणारच. नणंदेचा धंदाच तो. कांदा करपायच्या आत काढायचा होता, आणि ते सांगणं तिथेच, तेलाच्या वासात राहून गेलं.

शिवाय त्या वर्षात सबिहाच्या वाट्याला सुखाची म्हणावी अशी, पोरीच्या शहाणपणाची, तेवढीच एक गोष्ट आली होती. मंदीत नवऱ्याच्या, मुनीरच्या कंपनीने टॉवर क्रेनसकट अर्धवट सोडले आणि माणसं घरी पाठवली. दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्समधला फ्लॅट गेला. ती तिघं अल मनखूलला, मुनीरच्या अम्माच्या, मैमुनाबींच्या जुन्या बिऱ्हाडात येऊन राहिली. मुनीर एका ओळखीच्या ट्रेडिंगवाल्याकडे बसत होता, पण ती मेहेरबानी होती, नोकरी नव्हती. व्हिसाचं रोज 'इन्शाल्ला, पुढच्या आठवड्यात' चालू होतं. ओळखीतल्या कितीतरी पुरुषांनी बायकापोरांना इंडियाला धाडून स्वतः बेडस्पेस, म्हणजे सामायिक खोलीतली एक खाट, भाड्याने घेतली होती. आपल्यावरही ती पाळी येणार का, हा प्रश्न रात्री दार लोटून कुजबुजत बोलायचा होता.

या सगळ्यात लुबना, सात वर्षांची पोर, चकार शब्द काढत नव्हती. हीच लुबना पूर्वी सुपरमार्केटात चॉकलेटसाठी जमिनीवर आडवी पडायची. आता सायकल विकली, पोहणं बंद झालं, वाढदिवस घरातल्या घरात झाला, तरी तिचं एकच ठरलेलं उत्तर असायचं, "इट्स ओके, अम्मी." पुण्याला आईशी बोलताना सबिहा अभिमानाने सांगायची, पोर एका वर्षात मोठी झाली गं.

रमझान लागायच्या आधी मैमुनाबींनी जाहीर करून टाकलं की या वर्षी लुबनाची रोजाकुशाई करायची. मुलाच्या पहिल्या रोज्याचं कौतुक म्हणून नवे कपडे, फुलांचा हार, चार नातेवाइकांना इफ्तारला बोलावणं, असा तो सोहळा. घरावर वाईट दिवस आले आहेत, लेकराच्या रोज्याने बरकत येईल, असं त्या म्हणाल्या. लुबनाला मांडीवर घेऊन त्यांनी सांगितलं, "लहान लेकराच्या रोज्याची दुआ सात आसमान फाडून वर जाते बाय. तिला ना नसते."

पहिला शुक्रवार ठरला.

*

गुरुवारी संध्याकाळी अजराआपा अबुधाबीच्या बसने आली. ती क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होती. आठवडाभर तिथल्या एका क्लिनिकमध्ये असायची आणि सुट्टीचे दोन दिवस अल मनखूलला. शनिवारी सकाळी कम्युनिटी हॉलमध्ये ती आयांचा वर्ग घ्यायची, 'इस्लामिक माइंडफुल पेरेंटिंग' नावाचा. त्या नावापायी तिची दोन्हीकडून ओढाताण चालायची. क्लिनिकमधले विचारत, सायकॉलॉजीत धर्म कशाला आणता? घरातले विचारत, धर्म असताना सायकॉलॉजी कशाला लागते? ती दोघांनाही चहा पाजायची आणि पुढच्या शनिवारी पुन्हा खुर्च्या मांडायची.

इफ्तारचं आवरलं आणि तिने विषय काढला. ऑगस्टचा उकाडा आहे, पोर सात वर्षांची आहे, दिवस लांब आहे. चिडी रोजा, चिमणीएवढा अर्धा रोजा, करू; दुपारपर्यंत उपाशी राहील, मग दोन घास खाऊन पुन्हा संध्याकाळी आपल्याबरोबर सोडेल. हार घाला, फोटो काढा, सगळं करा.

मैमुनाबींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की त्यांच्या घरात चिमणीचे रोजे कोणी केले नाहीत. मुनीरने केला नाही, अजरानेही नाही.

तिथे हव्वाबी चाची होत्या. मैमुनाबींच्या धाकट्या जाऊबाई. त्यांच्या घरच्या केटरिंगची बिर्याणी अर्ध्या बर दुबईत जायची, आणि तिच्यासोबत त्यांची मतंही. त्यांच्या सुनेला अजराच्या वर्गाला जायचं होतं, हे त्यांना मुळीच पटलेलं नव्हतं.

"काय शिकवतेस गं तिथे?" त्यांनी विचारलं.

"पहिला धडा रागाचा, चाची. उभ्याने राग आला तर बसावं, बसल्याने शमला नाही तर आडवं व्हावं. मग मुलाशी बोलावं."

"हे तर आम्हाला नानीने फुकटात शिकवलं."

"नानीनेच शिकवलं. फक्त नानी खरंच बसायची. आपण सांगतो आणि उभेच राहतो."

मुनीर हसला. चाचींना ते लागलं असावं. खजुराची बी ताटलीत टाकत त्या सावकाश म्हणाल्या, "पोहायला शिकवणाऱ्याने एकदा तरी पाण्यात उतरावं म्हणतात."

अजराआपाला मूल नव्हतं. ते का नव्हतं आणि त्यापायी तिचा संसार कसा मोडला, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. तिने ताटल्या गोळा केल्या, एकावर एक नीट रचल्या आणि सबिहाकडे पाहिलं. "आई तू आहेस. तुला काय वाटतं?"

सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. सबिहाला काळजी होतीच. तिला सगळ्याचीच काळजी वाटायची. लुबनाचे ओठ हल्ली सुकलेले दिसत, संध्याकाळी ती फार लवकर झोपी जाई. पण छप्पर सासूबाईंचं होतं. आणि पोर स्वतःच हौसेने पहाटे सहेरीच्या खाण्याला उठून बसत होती, दुपारी समोरच्या शेजारणीकडे, शालिनीताईंकडे पोटभर जेवत होती. एक दिवस नाही जेवली तर काय होणार होतं?

"अम्मा म्हणतात तसं करू या, आपा," ती म्हणाली. "तिलाही आवडेल."

लुबना दारात उभी राहून ऐकत होती. "आय कॅन डू इट, फुफू," ती आत्याला म्हणाली. "इट्स ईझी."

अजराआपाने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग ताटल्या आत नेल्या.

*

शालिनीताई समोरच्या दारातल्या. मूळच्या ठाण्याच्या, नवरा बँकेत, मुलगी ईश्वरी लुबनाच्याच वयाची. मे महिन्यापासून लुबना ईश्वरीशी खेळायला दुपारची त्यांच्याकडेच असायची आणि तिथेच जेवायची. रमझान लागला तसं सबिहाला ते बरंच झालं, कारण दिवसा चूल थंड असायची आणि सासूबाईंसमोर एका पोरीसाठी कुकर लावायचा तिला संकोच वाटे. पण कुणाचे उपकार अंगावर ठेवायची तिला सवय नव्हती. म्हणून रोज इफ्तारच्या वेळी ती एक ताटली भरून समोर पाठवायची. भजी, फळं, कधी खिमा घातलेले समोसे वेगळे ठेवून नुसते भाजीचे. लुबनाला विचारायची, जेवलीस का? "यस, अम्मी." काय होतं? "आमटी-भात." दुसऱ्या दिवशी, "थालीपीठ." पोर पदार्थांची नावं अगदी बरोबर सांगायची.

शुक्रवारी दुपार कलली, अस्रची नमाज झाली. माणसं जमायला लागली होती. लुबनाला हिरवा गरारा घातला होता, आणि ती दिवाणावर लोडाला टेकून बसली होती, ठेवल्यासारखी. हव्वाबी चाची येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, बघा, सकाळपासून घोटभर पाणी नाही, पण कपाळावर आठी आहे का? सबिहा फळं कापत होती आणि कापता कापता मान वळवून लेकीकडे पाहत होती. मुनीर बर्फ आणायला खाली गेला होता.

तेवढ्यात शालिनीताई आल्या, ईश्वरीला घेऊन. देवळाच्या बोळातल्या फुलवाल्याकडून त्यांनी मोगऱ्याचा घसघशीत हार आणला होता. तो मैमुनाबींच्या हातात देत त्या म्हणाल्या, "मला यातलं कळत नाही हं, मैमुनाबी, पण हार आज का घालतात? मला वाटलं पहिल्या दिवशी असतो. ही तर रमझान लागल्यापासून रोज रोजा धरतेय."

मैमुनाबी हसल्या. त्यांना वाटलं, थट्टा आहे.

सबिहाच्या हातातली सुरी कलिंगडात तशीच राहिली. "ताई, ती तुमच्याकडे जेवते ना दुपारी?"

"जेवते?" शालिनीताई गोंधळल्या. "अगं, रोजा असताना मी तिला जेवायला कशी देईन? तिनेच सांगितलं पहिल्या दिवशी, आंटी, आय ॲम फास्टिंग. मी तर ईश्वरीला आत स्वयंपाकघरात दार लावून वाढते. हिच्यासमोर कसं खायचं तिने?"

"मग मी ताटली पाठवत होते ती..."

"ती रमझानची ताटली ना? दर वर्षी पाठवता तुम्ही."

ईश्वरी आईच्या ओढणीत शिरत म्हणाली, "शी टोल्ड मी नॉट टू टेल. शी स्मेल्स द फूड अँड देन शी आस्क्स मी व्हॉट इट वॉज."

एकीने धर्माचा मान राखला, दुसरीने शेजाराचा, आणि त्या दोन मानांच्या मधल्या बोळातून सात वर्षांची पोर रोज उपाशी ये-जा करत होती. हे सबिहाला मागाहून कळलं. त्या क्षणी तिला फक्त इतकंच कळलं की पोर तिच्याशी खोटं बोलली होती, रोज, तोंडावर. तिच्या डोक्यात रक्त चढलं. ती दिवाणापाशी पोचली तेव्हा तिचा हात खांद्याच्या वर गेला होता.

"सबिहा." आपाचा आवाज अजिबात चढला नव्हता. "बस."

ती उभीच.

"आधी बस. मग जे करायचं ते कर."

सबिहा बसली. इस्त्रीच्या कपड्यांत, फरशीवर, कलिंगडाने चिकट झालेले हात मांडीवर ठेवून. आणि खाली बसल्यावर लुबनाचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर आला. ओठांना चिरा पडल्या होत्या. डोळ्यांखालची कातडी निळसर झाली होती. हे काजळ नव्हतं. उभ्याने हे दिसलं नव्हतं. आठवडाभर दिसलं नव्हतं.

अजराआपाही शेजारी येऊन खाली बसली. खोटं का बोललीस, असं तिने विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "पाणी देऊ, बेटा?"

लुबनाने मान हलवली. "इट विल ऑल बी वेस्ट."

"काय वेस्ट होईल?"

बराच वेळ ती गराऱ्याची जर उसवत राहिली. मग बोलली, अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत, मध्ये मध्ये थांबत. दादी म्हणाली होती, लहान मुलांच्या रोज्याला अल्ला ना म्हणत नाही. एका रोज्यात मोठी गोष्ट मिळेल की नाही तिला माहीत नव्हतं, म्हणून ती खूप धरत होती. अब्बाच्या नोकरीसाठी. "नाहीतर मला आणि अम्मीला पुण्याला पाठवणार. आय हर्ड."

"आणि सायकल?" आपाने हळूच विचारलं. "स्विमिंग? त्याचंही तू काही म्हणाली नाहीस."

"आय डिडन्ट आस्क फॉर एनीथिंग," लुबना म्हणाली. "एनीथिंग ॲट ऑल. म्हणजे अल्लाला वाटायला नको की मी सारखी मागते. ओन्ली वन थिंग मागायची होती."

दारात मुनीर उभा होता. बर्फाच्या पिशवीतून पाणी ठिबकत होतं आणि त्याचं त्याला भान नव्हतं.

सबिहाला वाटलं, आता आपा बोलेल. एवढी शिकलेली, रोज हेच काम करणारी. ती दोन वाक्यांत पोरीला यातून बाहेर काढेल. पण अजराआपा आईकडे वळली. "अम्मा," ती म्हणाली, "माझं ती ऐकणार नाही. हे कुलूप तुझ्या शब्दाचं आहे. किल्ली तुझ्याकडेच आहे."

मैमुनाबी हार हातात घेऊन उभ्या होत्या. सगळे नातेवाईक बघत होते. खजुराची तबकं मांडून झाली होती. चाची पुटपुटल्या, इतका दिवस निभावला, आता मगरिबच्या अजानला राहिलंय किती, थोडी कळ काढेल पोर.

सबिहाने सासूबाईंकडे पाहिलं. तिला त्यांच्याशी भांडायचं नव्हतं, पण त्या नाही म्हणाल्या असत्या तर या घरात पहिल्यांदाच ती भांडली असती. तिने मनाची तयारी केली होती.

"हव्वा," मैमुनाबी म्हणाल्या, "खलास."

गुडघ्यांनी त्यांना कधीचं खाली बसू दिलं नव्हतं. त्या दिवशी जाऊबाईंचाच खांदा धरून त्या फरशीवर बसल्या आणि लुबनाचे दोन्ही पाय मांडीत घेतले.

"मी तुला अर्धंच सांगितलं गो बाय," त्या म्हणाल्या. "उरलेलं सांगायचं राहिलं. दुआ मागायची, ती तू मागितलीस. पुढे ती कबूल करायची की नाही, कधी करायची, हे त्याचं बघणं. तुझ्या पोटावर ते ओझं त्याने ठेवलेलं नाही. तुझ्यावर रोजा अजून फर्जच नाही, कुणी सक्ती केलेली नाही. आणि मागायचं म्हणशील, तर त्याच्याकडे मागून संपत नाही. सायकल माग, आंबा माग, काय हवं ते माग."

"अँड अब्बाज जॉब?"

मुनीर पुढे येऊन बायकोशेजारी बसला. त्याच्या बोलण्याला नेहमी 'इन्शाल्ला, होईल'ची सवय होती. या वेळी त्याने ते आधी लावलं नाही. "ते माझं काम आहे, लुबना. मिळेल किंवा उशिरा मिळेल, पण तू जेवल्याने जाणार नाही आणि उपाशी राहिल्याने येणार नाही. आणि पुण्याला जायचं झालं तर तिघंही जाऊ. तुम्हा दोघींना एकटं पाठवणार नाही. हे मी आज ठरवलं."

हे सबिहाही पहिल्यांदाच ऐकत होती. वर्षभर छातीवर ठेवलेला पाटा कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा, तसं तिला झालं.

मैमुनाबींनी पेला मागितला. सूर्य मावळायला अजून अवकाश होता. भरल्या घरात, सगळ्यांच्या देखत, त्यांनी स्वतःच्या हाताने नातीच्या ओठांना पाणी लावलं. लुबना एक घोट प्यायली. मग दुसरा. मग तिने पेला ढकलला.

"नॉट धिस," ती म्हणाली.

"मग काय हवं, बाळा?" सबिहाने विचारलं.

"मँगो. द वन विथ द स्ट्रॉ."

घरात गुलाबाचं सरबत होतं, लिंबाचं होतं, ताक होतं. ते एकेक करून तिच्यापुढे आलं आणि एकेक करून परत गेलं. मँगो. स्ट्रॉवाला. थंड. आणि सायकल. आणि हा गरारा टोचतो, तो काढायचाय. आणि डिस्कव्हरी गार्डन्सची खोली, खिडकीसकट. बोलता बोलता तिने भोकाड पसरलं, दिवाणावरून घसरली, आणि हिरव्या जरीसकट फरशीवर आडवी पडून पाय आपटायला लागली. वर्षभराचा हट्ट एकदम बाहेर पडत होता.

मुनीर चपला न घालताच खालच्या ग्रोसरीकडे धावला. सबिहा रडत होती आणि हसत होती. लेकीला उचलायला जाऊन तीच तिच्याशेजारी आडवी झाली.

"आता हिला गप्प कोण करणार, डॉक्टरीणबाई?" हव्वाबी चाचींनी विचारलं, पण आवाजातली धार गेली होती.

अजराआपाने ओढणीच्या टोकाने डोळे पुसले. "कोणी नाही, चाची. रडू दे तिला. फार चांगलं रडतेय."

*

अजान झाली तेव्हा लुबना गाऊन घालून, ओठांवर आंब्याची मिशी घेऊन, आजीच्या मांडीवर झोपली होती. हाराचे दोन तुकडे झाले होते, एक तिच्या गळ्यात, एक ईश्वरीच्या. शालिनीताई पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, मी विचारायला हवं होतं गं. आणि सबिहा पुन्हा पुन्हा म्हणत होती, मीही विचारायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं आणि चार दिवस नीट खाऊपिऊ घाला म्हणाले, बाकी सगळं ठीक होतं.

त्यानंतरच्या शनिवारी अजराआपाच्या वर्गात शेवटच्या रांगेत मैमुनाबी येऊन बसल्या. हव्वाबी चाची सुनेला सोडायला म्हणून आल्या आणि थांबल्या. दोघींनी मिळून अजराच्या अरबी उच्चारांत दोन चुका काढल्या, मोठ्याने. अजराआपा सांगते, वर्गाला त्या दिवशी खरी इज्जत आली. पुढे अबुधाबीच्या एका हॉस्पिटलात कुटुंबांसाठी वेगळा विभाग निघाला आणि तो तिच्या हाती आला. तिथेही नव्या आयांना ती आधी खाली बसवते, मग बोलते.

मुनीरला नोकरी लागली पुढच्या वर्षी, अबुधाबीतच. त्या दिवशी नवरा-बायकोंनी लुबनाला समोर बसवून मुद्दाम समजावलं की ही नोकरी अब्बाने इंटरव्ह्यू देऊन देऊन मिळवली आहे. लुबनाने ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे आता सायकल ना? तिला लाल हवी होती. दुकानात निळी होती. तिने तिथेच फतकल मारली, आणि सबिहाला इतकं हलकं वाटलं की दुकानदाराला वाटलं बाई वेडी आहे.

काळजी सबिहाची अजून सुटलेली नाही. पण तिला आता कुठे बघायचं ते कळलं आहे. भेटेल त्या आईला ती तेच सांगते, आणि इथवर वाचत आलेल्या तुम्हालाही तिचं तेवढंच मागणं आहे. तुमच्या घरात, नात्यात, जिन्याच्या वरच्या मजल्यावर एखादं मूल असेल, अलीकडे फार शहाणं झालेलं, काही म्हणता काही न मागणारं. त्याला जेवलास का असं विचारू नका, ते हो म्हणेल. ज्या घरी ते जेवतं असं तुम्हाला वाटतं, त्या घराची बेल वाजवा आणि तिथे विचारा. आजच जा. शेजाऱ्याची ताटली रिकामी परत करायची नसते, तसं रिकाम्या उत्तराने परत येऊ नका.